झापफिनो फॉन्ट: दिसायला राजेशाही, वापरायला नखरेल

मॅक असेल तर झापफिनो आधीच तुमच्याकडे पडलाय, वेगळे पैसे नाहीत, विंडोजवाल्यांना मात्र विकत घ्यावा लागतो. हर्मान झाप्फ या जर्मन कॅलिग्राफरच्या हस्ताक्षरावरून बनलाय, त्यांनी 1944 मध्ये वहीत काढलेली अक्षरं हे त्याचं मूळ आणि लायनोटाइप या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीने तो 1998 ला बाजारात आणला.

खरी मजा म्हणजे एकाच अक्षराची अनेक रूपं आहेत, त्यामुळे शेजारी शेजारी आलेली दोन अक्षरं छापल्यासारखी सेम टू सेम दिसत नाहीत, हाताने लिहिल्यासारखंच वाटतं. मॅकवर फॉन्टचं स्वतःचं नाव इंग्रजीत (Zapfino) टाइप करून बघा, शेवटचं अक्षर पडलं की अख्खा शब्द एका झटक्यात जोडून नक्षीदार होतो. भारी प्रकार आहे राव!

पण शेपट्या इतक्या लांब की दोन ओळी जवळ आल्या की एकमेकींत घुसतात, लाइन स्पेसिंग भरपूर सोडावंच लागतं. सगळं कॅपिटलमध्ये टाकलंत तर वाचणाऱ्याचे हाल, आणि ट्रॅकिंग म्हणजे अक्षरांमधलं अंतर वाढवलं की जोडलेली अक्षरं सुटतात, सगळी शान गेली.

लग्नपत्रिकेवर इंग्रजीत वधूवरांची नावं, सर्टिफिकेटचं हेडिंग, परफ्यूमचं लेबल, एवढ्यासाठी एक नंबर. पत्ता, वेळ, मेन्यू साध्या फॉन्टातच ठेवा. देवनागरी यात नाहीच, मराठी पत्रिकेला दुसरा फॉन्ट शोधावा लागणार. माझ्याकडून पाचपैकी चार.