रेटिनॉल आणि ग्लायकॉलिक: एकाच रात्री की एकाआड एक?

रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चा एक प्रकार) आणि ग्लायकॉलिक (मृत त्वचा काढणारं ॲसिड), चेहऱ्याला लावायच्या या दोन्ही बाटल्या घरात आल्या की पहिला मोह हाच, आजच दोन्ही लावू म्हणजे लवकर फरक दिसेल. मी पण तेच केलं, १० टक्केवालं ग्लायकॉलिक आणि त्यावर लगेच रेटिनॉल, चौथ्या दिवशी नाकाच्या बाजूची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघायला लागली, साधं पाणी मारलं तरी चरचरायचं.

एकाच रात्री लावायचा फायदा म्हणाल तर लक्षात ठेवायला सोपं, बस. ग्लायकॉलिक मृत पेशींची पकड सैल करतं, रेटिनॉल नव्या पेशी तयार व्हायचा वेग वाढवतं, मग वरच्या थराला सावरायला वेळ मिळणार कधी?

एकाआड एक म्हणजे सोमवारी ग्लायकॉलिक, बुधवारी रेटिनॉल (वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला तेवढं पुरतं), मधल्या रात्री नुसतं मॉइश्चरायझर. रिझल्ट हळू येतो, दोन-तीन महिने धीर धरावा लागतो, पण चेहरा शाबूत राहतो. नियासिनामाइड (व्हिटॅमिन बी३ चा एक प्रकार) मात्र रेटिनॉलसोबत बिनधास्त चालतं. व्हिटॅमिन सी सकाळी आणि वर सनस्क्रीन, एसपीएफ ३० च्या खाली नकोच, ग्लायकॉलिकने ऊन जास्त बाधतं, पावसाळ्यात ढग आलेत म्हणून सुट्टी नाही. प्रेग्नंट असाल किंवा प्लॅन करत असाल तर रेटिनॉल पूर्ण बंद.

मी आता एकाआड एकच लावते. वर्षानुवर्षं सवय असलेल्यांना एकत्र झेपतही असेल, मला नाही झेपलं बाबा.