ओजिए, इव्हान्स की नूव्हिल : नव्या रॅलीचालकाने आधी कोणाचे पाहावे?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील माझा भाचा जुनी हॅचबॅक सज्ज करून रॅलीत उतरायच्या तयारीत आहे. जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेतील कोणता चालक डोळ्यांपुढे ठेवावा, असे त्याने मला विचारले. विजेतेपदे मोजायची, तर सेबास्टियन ओजिएखेरीज दुसरे नाव घ्यायला नको. 2025 मध्ये 14 पैकी 11 रॅलींतच उतरून त्याने 6 जिंकल्या आणि नवव्या विजेतेपदासह सेबास्टियन लोबच्या विक्रमाशी बरोबरी केली. एल्फिन इव्हान्स सर्व 14 रॅलींत उतरला, पण जिंकला फक्त 2. तरीही मोसमअखेर दोघांचे गुण 293 आणि 289 असे होते.

हा चार गुणांचा फरक समजून घ्यायचा, तर रस्त्यावर कोण आधी निघतो ते पाहावे लागते. रॅलीच्या पहिल्या दिवशी गुणतक्त्यात आघाडीवर असलेल्या चालकाला सर्वांच्या आधी निघावे लागते. पावसाळा सरल्यावर जांबोटीकडच्या कच्च्या रस्त्यांवर ज्यांनी गाडी चालवली आहे, त्यांना याचा अर्थ सहज कळेल. जांभ्याच्या कठीण थरावर सुटे खडे पसरलेले असतात. पहिल्या गाडीची चाके त्यांवरून घसरतात आणि घसरता घसरता तेच खडे बाजूला सारून मागच्यांसाठी स्वच्छ चाकोरी पाडून देतात. स्वीडन आणि केनिया जिंकून आघाडीवर गेलेल्या इव्हान्सला मोसमातील बराच काळ ही वाट झाडावी लागली. त्या दोन्ही रॅलींत न उतरलेला ओजिए गुणतक्त्यात मागे होता, म्हणून पोर्तुगाल आणि सार्डिनियात त्याला आयती चाकोरी मिळाली. तिचा पुरेपूर लाभ उठवून दोन्ही रॅली जिंकणे हे त्याचे कौशल्य खरेच. पण खडी अंगावर घेत अखेरच्या रॅलीपर्यंत दावेदार राहिलेल्या इव्हान्सचे मोल मला अधिक वाटते.

थिएरी नूव्हिलचे उदाहरण वेगळ्या कारणाने उपयोगी आहे. पाच वेळा उपविजेता राहिल्यानंतर 2024 मध्ये त्याने केवळ 2 रॅली जिंकून विजेतेपद मिळवले. इव्हान्सच्या नावावरही आता पाच उपविजेतेपदे आहेत, त्यामुळे त्याची आशा संपली असे मी मुळीच मानत नाही.

भाच्याची अडचण पैशांची आहे. खडकावर आपटून तुटलेला, चाक धरून ठेवणारा सस्पेन्शन आर्म बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून नवा करून आणता येईल, पण त्या रॅलीचे प्रवेशशुल्क, टायर आणि राहण्याचा खर्च बुडाला तो बुडालाच. म्हणून त्याने आधी इव्हान्सच्या गाडीतले चित्रीकरण पाहावे, आणि तेही तो सर्वांत पुढे असतानाचे : वळणाच्या किती आधी तो वेग उतरवतो, स्टिअरिंगवर त्याचे हात किती कमी हलतात. डांबरी घाटांसाठी नंतर ओजिए पाहावा, कारण मोंटे कार्लोसारखी बर्फाळ डांबराची रॅली त्याने 10 वेळा जिंकली आहे. सराव मात्र वाहतुकीसाठी बंद केलेल्या रस्त्यावरच व्हावा. चोर्ला घाट त्यासाठी नाही.

तिघांचेही पाहताना सहचालकाच्या आवाजाकडे कान द्यावा, कारण रॅलीआधीच्या पाहणीत लिहिलेल्या टिपणांवरच पुढचे वळण न दिसता गाडी चालते. भाच्याने आणि त्याच्या मित्राने ही टिपणे मराठीत लिहायला घेतली आहेत; त्यांत वळण किती तीव्र ते अंकाने सांगतात : ‘उजवे तीन, आत कापू नको, दगड.’