आधी बॉर्न की आधी पाउली?

इंदूरच्या खंडवा रोडवरच्या विद्यापीठात एम.एस्सी. करणारा माझा भाचा रविवारी सकाळी पोह्यांचा पुडा घेऊन आला आणि जिरावण मसाला भुरभुरता भुरभुरता म्हणाला, "मावशी, सेमिनारला शास्त्रज्ञांची पत्रं घेतोय. बॉर्न-आइनस्टाइन घेऊ की पाउली?" मॅक्स बॉर्न आणि वोल्फगांग पाउली, दोघेही क्वांटम यांत्रिकी, म्हणजे अणूंच्या जगाचं गणित, घडवणाऱ्यांपैकी. हातात दीड महिना, आणि जर्मन शून्य. त्याला जे सांगितलं तेच इथे मांडते.

आधी सोयीचं बघू. बॉर्न-आइनस्टाइन पत्रव्यवहार एका पुस्तकात मावतो. १९१६ ते १९५५ ची ही पत्रं जर्मनमध्ये १९६९ ला आणि इंग्रजीत १९७१ ला आली, आणि मधेमधे बॉर्नची स्वतःची टिपणं आहेत. कोण कशावर रुसलंय ते त्यामुळे कळत जातं. पाउलीच्या पत्रांचा पसारा मात्र कार्ल फॉन मायेननं १९७९ ते २००५ एवढी वर्षं घालून संपादित केला. जाडजूड खंड, बहुतेक मजकूर जर्मन. दीड महिन्यात अनुक्रमणिका पाहून होईल.

म्हणजे बॉर्न घ्यावा, नाही का? थांबा.

योगायोग असा, की दोन्हीकडचं सर्वांत गाजलेलं पत्र ४ डिसेंबरचं आहे. १९२६ च्या ४ डिसेंबरला आइनस्टाइननं बॉर्नला कळवलं, की क्वांटम यांत्रिकी भारदस्त आहे खरी, पण 'तो', म्हणजे देव, फासे टाकत नाही अशी आपली खात्री आहे. १९३० च्या ४ डिसेंबरला पाउलीनं झुरिचहून ट्युबिंगेनला जमलेल्या किरणोत्साराच्या अभ्यासकांना लिहिलं. मायना होता, 'प्रिय किरणोत्सारी सभ्य स्त्री-पुरुषहो'. बीटा ऱ्हासात, म्हणजे अणुकेंद्रक इलेक्ट्रॉन बाहेर टाकतं तेव्हा, त्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचा हिशेब जुळत नव्हता. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच सोडावा का, इथवर कोपनहेगनचा भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोहर आला होता. पाउलीनं सुचवलं, की इलेक्ट्रॉनसोबत विद्युतभार नसलेला एक हलका कण निसटत असेल आणि उरलेली ऊर्जा तोच नेत असेल. हे छापायची हिंमत होत नाही, असंही त्यानं त्यातच लिहून टाकलं. स्वतः गेला नाही, कारण झुरिचमध्ये नाचाचा कार्यक्रम होता! तो कण, आजचा न्यूट्रिनो, प्रत्यक्ष सापडला १९५६ मध्ये.

फरक इथे आहे. बॉर्नच्या पुस्तकात तयार भौतिकशास्त्रावर भांडण होतं, पाउलीच्या पत्रांत ते शिजताना दिसतं. १९ ऑक्टोबर १९२६ ला त्यानं आपला भौतिकशास्त्रज्ञ मित्र हायझेनबर्ग याला लिहिलं, की जग संवेगाच्या (वस्तुमान गुणिले वेग) डोळ्यानं बघता येतं, स्थानाच्या डोळ्यानंही बघता येतं, दोन्ही एकदम उघडले तर डोकं फिरतं. हे पत्र कोपनहेगनमध्ये हातोहात फिरलं. चार महिन्यांनी, २३ फेब्रुवारी १९२७ ला, हायझेनबर्गनं त्याला चौदा पानी पत्र धाडलं. कणाचं स्थान आणि संवेग दोन्ही एकदम अचूक ठरवता येत नाहीत, हे अनिश्चिततेचं तत्त्व आधी तिथे आहे, छापील लेख नंतरचा. बोहर तेव्हा नॉर्वेत स्कीइंगला गेला होता, म्हणून पहिला मार खायला हायझेनबर्गनं पाउलीचं दार ठोठावलं. आज छापण्याआधी लेख तपासणाऱ्याचं नावही सहसा कळत नाही. तिथे तपासणारा मित्रच होता, आणि जीभ तिखट.

बॉर्नच्या बाजूनंही बोलायला हवं. त्याची बायको हेडी हिची पत्रं त्यात आहेत, आणि माणसं म्हणून ही मंडळी भेटतात ती तिथेच. १९३३ मध्ये बॉर्नचं गॉटिंगेन सुटलं, मग केंब्रिज, रामन यांच्या बोलावण्यावरून काही महिने बंगळुरू, शेवटी एडिनबरा. एवढं सगळं होऊनही दोघे फाशांवर वाद घालत राहिले. निव्वळ वाचनाच्या आनंदासाठी मी डोळे मिटून हेच पुस्तक देईन.

"मग बोस?" भाच्यानं विचारलं. ४ जून १९२४, ढाका. सत्येंद्रनाथ बोस यांनी पत्रासोबत पाठवलेला लेख आइनस्टाइननं स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापवला. सुरुवातीची पाच मिनिटं यावर घाल, म्हटलं. दीड महिना नाही पुरायचं.

शेवटी मी सुचवलं ते असं. पुस्तक बॉर्नचंच घे, पण उलटं वाच. त्यात ३१ मार्च १९५४ चं एक पत्र आहे, प्रिन्स्टनहून आलेलं. आइनस्टाइनला फाशांचा राग आहे असं बॉर्न वर्षानुवर्षं धरून बसला होता. पत्र लिहिणारा त्याला समजावतो, की आइनस्टाइनचा मूळ आक्षेप फाशांवर नाहीच, कोणी बघो न बघो, वस्तूची स्थिती आधीच ठरलेली असते की नाही, यावर आहे. बॉर्ननं स्वतःच्या मनातला आइनस्टाइन उभा केला आणि त्यालाच झोडपलं, असंही तो सुनावतो. हा लिहिणारा पाउली! इथून सुरू कर, मग मागे १९२६ वर ये, आणि पाउलीच्या खंडांतली वर सांगितलेली तीनच पत्रं जर्मन येणाऱ्या कुणाकडून समजून घे.

माझी शिवण उसवलेली प्रत तो घेऊन गेलाय. परत कधी देणार, ते विचारायचं राहिलं.