आठ महिने, एक वेस्ट आणि सरावासाठी धावलेले 50 किलोमीटर

ही हायड्रेशन वेस्ट, म्हणजे धावताना पाणी आणि सामान नेण्यासाठी जाकिटासारखी अंगात घालायची पिशवी, वापरायला लागून आठ महिने झाले. दोन महिन्यांनी लिहायला बसले असते, तर तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते. तेव्हा माझी सर्वांत लांब धाव तीन-साडेतीन तासांची होती आणि तेवढ्या वेळात बहुतेक वेस्ट चांगल्याच वाटतात. हिचे खरे गुणदोष कळले ते 50 किलोमीटरच्या ट्रेल (डोंगरवाटांवरच्या) शर्यतीत, सहावा तास सुरू झाल्यावर. ती शर्यत मी 100 किलोमीटरच्या शर्यतीची तयारी म्हणून, तिच्या सात आठवडे आधी धावले.

वेस्ट 12 लिटरची, महिलांच्या मापाची. पुढे 500 मिलिलिटरच्या दोन सॉफ्ट फ्लास्क (मऊ, दबणाऱ्या बाटल्या), पाठीवर ब्लॅडरची (नळीने प्यायच्या पाण्याच्या पिशवीची) जागा, छातीवर वर-खाली सरकवता येणारे दोन पट्टे. हे सरकवणं फार कामाचं आहे. फ्लास्क भरलेल्या असताना वरचा पट्टा आवळला की श्वास कोंडतो, म्हणून मी तो सैल ठेवते आणि खालचा घट्ट करते. पाणी संपत जातं तशा फ्लास्क आक्रसतात, त्यामुळे डुचमळण्याचा आवाज नाही. पण पुढचं वजन उतरलं की भार पाठीकडे जातो आणि उतारावर वेस्ट हिसके देते. दर तासाला पट्टे नीट करायची सवय लावून घ्यावी लागली. ब्लॅडर मी दुसऱ्याच महिन्यात काढून ठेवली. ती भरायची तर मागचं सामान उपसावं लागतं, आणि किती पाणी प्यायलो याचा अंदाज राहत नाही. लांब शर्यतीत तहानेपेक्षा खूप जास्त पाणी पिऊन रक्तातलं सोडियम घसरणं हाही खरा धोका असतो, त्यामुळे समोर दिसणारी फ्लास्क मला जास्त भरवशाची वाटते.

आता त्या 50 किलोमीटरबद्दल. चढ सुमारे 2,200 मीटर. वेळेकडे बघायचं नाही, 100 किलोमीटरला जेवढा जोर लावणार तेवढाच इथे लावायचा, असं ठरवून उतरले. चढ चालत, सपाटीवर बोलता येईल इतक्याच वेगात. सामानही मोठ्या शर्यतीचंच भरलं. आल्प्समधल्या यूटीएमबीसारख्या डोंगरातल्या मोठ्या शर्यतींत टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट, हेडलॅम्प, आपत्कालीन ब्लँकेट, शिटी, किमान एक लिटर पाणी हे जवळ ठेवणं सक्तीचं असतं. माझ्या 100 किलोमीटरची यादीही तशीच आहे. पाण्यासकट वजन तीन किलोच्या आसपास गेलं. सरावात इतकं वजन मी कधीच घेतलं नव्हतं, आणि तिथेच चुकले होते.

पस्तिसाव्या किलोमीटरपर्यंत डाव्या गळपट्टीच्या हाडावरची कातडी सोलवटली होती. वेस्टच्या काठाची शिवण तिथे बरोबर टेकते. वजन हलकं असताना ती जाणवतही नाही. त्याहून काळजीची गोष्ट नंतर कळली. पाऊस नव्हता, तरी मागच्या कप्प्यातलं जॅकेट आतून ओलं झालेलं. पाठीचा घाम जाळीतून थेट कप्प्यात झिरपला होता. 100 किलोमीटरच्या शर्यतीत रात्री डोंगरावर थंडी वाजायला लागेल तेव्हा आतला कोरडा थर याच कप्प्यातून काढायचा आहे, हे आठवून अंगावर काटा आला.

पण सगळ्यांत जास्त शिकवलं ते खिशांनी. ताशी 60 ग्रॅम कर्बोदकं, निम्मी पेयातून आणि निम्मी जेलमधून (पुडीतून पिळून खायचं दाट, गोड खाणं), असा बेत होता. पुढच्या खिशात तीन जेल मावतात, बाकीची सहा मी बरगडीमागच्या चेनच्या खिशात ठेवली. पहिले तीन तास घड्याळासारखे गेले. नंतर त्या खिशातून जेल काढायला हात वळवावा लागे, चेन घामाने अडे, आणि दरवेळी मनात येई, पुढच्या चढावर खाऊ. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये पाय शिशाचे झाले. मला वाटलं, तयारीच कमी पडली. साडेआठ तासांनी संपवून वेस्ट रिकामी केली तर पाच जेल तशीच निघाली. मांड्यांवर सगळा दोष टाकून मी आणखी किलोमीटर वाढवले असते, आणि 100 किलोमीटरला पुन्हा तिथेच उपाशी राहिले असते. सरावाची शर्यत का धावावी, असं मला कुणी विचारलं तर मी ती पाच जेल दाखवीन.

मांड्या दुखल्याच, दुसऱ्या दिवशी जिना उतरणं नको झालं होतं. उतारावर स्नायू ताणले जात असतानाच भार रोखतात, त्याचं हे दुखणं. ते भरून आलं की पुढचे काही आठवडे तसेच उतार कमी त्रास देतात, म्हणून सात आठवड्यांचं अंतर मला पटलं. पहिला आठवडा मी फक्त चालले.

त्यानंतर वेस्टमध्ये केलेले बदल साधे आहेत. जॅकेट आणि कोरडा थर ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. पुढच्या खिशात कायम पुढच्या दोन-अडीच तासांचं खाणं, आणि प्रत्येक एड स्टेशनवर (वाटेतल्या खाण्यापाण्याच्या थांब्यावर) मागचं पुढे घेतल्याशिवाय निघायचं नाही. गळपट्टीवर निघण्यापूर्वीच टेप.

टिकाऊपणाबद्दल तक्रार एकच, घामाच्या मिठाने बरगडीमागची चेन आता निम्म्यावर अडकते. दर धावेनंतर साध्या पाण्यात हाताने धुवून सावलीत वाळवली असती तर ती टिकली असती, मी हे उशिरा सुरू केलं. जाळी आणि शिवणी मात्र शाबूत आहेत. तुमचं धावणं चार तासांच्या आतलं असेल तर यापेक्षा लहान वेस्ट घ्या, 12 लिटरची गरज नाही. सक्तीचं सामान नेणार असाल तर ही घ्या, पण घेतल्यावर लगेच पूर्ण वजन भरून एकदा तरी सहा तास चाला-पळा.

गेल्या पंधरवड्यात तशीच सहा तासांची धाव केली. जॅकेट कोरडं राहिलं, एकही जेल उरलं नाही. टेपच्या कडेला कातडी जराशी लाल झाली होती, तेव्हा 100 किलोमीटरला टेपची पट्टी दोन बोटं रुंद लावणार आहे.