वाय-फाय ६ राउटर, सात महिन्यांनंतर: ‘ऑटो’वरची ४० मेगाहर्ट्झ आधी बंद करा

खोक्यावरचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत: एएक्स १८००, चार अँटेना, २.४ गिगाहर्ट्झवर ५७४ आणि ५ वर १२०१ एमबीपीएस. म्हणून थेट वापराचं सांगतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीतली दाट गल्ली, दुमजली घर, बाहेरच्या भिंती नऊ इंची विटांच्या, मध्ये आरसीसी स्लॅब, फायबरचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. वापर एप्रिल ते ऑक्टोबर.

पहिल्या महिन्यात याला पाचपैकी साडेचार दिले असते. पण राउटरसमोर बसून केलेली स्पीड टेस्ट कुठल्याही राउटरची चांगलीच येते. खरी परीक्षा वरच्या खोलीत, संध्याकाळी सात ते दहा. व्हिडिओ कॉल अडकायचा आणि सिग्नल तर उणे ६७ डीबीएम, म्हणजे पुरेसा. सिग्नल पोचत होता, पण गर्दीत बोलायला पाळी मिळत नव्हती.

कारण सेटिंगमध्ये सापडतं. २.४ चा पट्टा सगळा मिळून ८३.५ मेगाहर्ट्झचा. चॅनेल म्हणजे त्यातली एकेक मार्गिका. २० मेगाहर्ट्झच्या रुंदीनं एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच बसतात: १, ६ आणि ११. रुंदी ४० केली की जवळजवळ अर्धा पट्टा एकट्याच्या घशात. खोक्यावरचा ५७४ हा आकडा ४० वरचाच आहे, २० वर तो २८७ होतो. शेजारची नेटवर्कं दिसली की राउटरनं आपणहून २० वर यावं, अशी मानकातच सोय आहे. हा राउटर ‘२०/४० ऑटो’वर कधी येतो, कधी येत नाही. वीज जाऊन आली की पुन्हा ४०. त्यात गल्लीतले सगळे राउटर एकाच वेळी चालू होतात आणि ‘ऑटो’ चॅनेल त्या घटकेला जो रिकामा दिसेल तो धरून बसतो. रुंदी २० ठेवा आणि चॅनेल हातानं ठरवा. १, ६, ११ पैकी ज्यावर जोरदार शेजारी कमी, तो घ्या. ३ किंवा ८ ‘मोकळा दिसतो’ म्हणून घेतला, तर दोन्हीकडच्यांचा त्रास आपल्याला आणि आपला त्यांना.

रुंदीचा रेंजशीही संबंध आहे आणि तोच लोक विसरतात. पाठवायची ताकद तेवढीच असते, रुंदी दुप्पट केली की रिसीव्हरमध्ये शिरणारा गोंगाट ३ डेसिबलनं वाढतो. २० वरून ८० वर गेलात की ६ डेसिबल गेले. १०० च्या प्लॅनला ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ कशाला? ४० वर ठेवल्यावर समोरच्या स्पीड टेस्टमध्ये फरक शून्य, पण वरच्या खोलीत ५ चं कनेक्शन टिकायला लागलं. आधी फोन सारखा २.४ वर घसरायचा.

आता याहून मोठी गोष्ट: बीकन. प्रत्येक नेटवर्क सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव जाहीर करतं. ‘बी’ मोड चालू असेल तर ही घोषणा १ एमबीपीएसच्या वेगानं जाते, १९९९ च्या ८०२.११बी उपकरणांना कळावं म्हणून. ३०० बाइटचा बीकन १ एमबीपीएसवर अडीच मिलिसेकंद हवा अडवतो, ६ वर अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी. म्हणजे एका नावामागे अडीच टक्के वेळ फुकट. गेस्ट नेटवर्क चालू असेल तर पाच. एकाच चॅनेलवर अशी दहा नावं आली की पाव वेळ नुसत्या घोषणांत जातो! ‘११बी बंद’ हा पर्याय या राउटरच्या ॲडव्हान्स्ड पानावर अगदी खाली आहे, तो टिकमार्क केलाच पाहिजे. न वापरलेलं गेस्ट नेटवर्कही बंद करा. मात्र २.४ वर ‘फक्त एएक्स’, म्हणजे फक्त वाय-फाय ६, करू नका. स्मार्ट प्लग आणि जुने प्रिंटर दिसेनासे होतात. सुरक्षाही नुसती डब्ल्यूपीए ३ न ठेवता २ आणि ३ मिश्र ठेवा.

ट्रान्समिट पॉवर ‘हाय’ करून रेंज वाढत नाही. राउटरचा आवाज फोनपर्यंत जातो, फोनचा क्षीण आवाज परत पोचत नाही, आणि पोच न मिळाल्यानं तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवलं जातं. ‘मीडियम’ पुरे. अँटेनाबद्दल माझं मत बदललं. चारही उभ्या ठेवायच्या हा समज चुकीचा: काडीसारखी अँटेना सिग्नल आडवा पसरवते, टोकाच्या दिशेनं जवळजवळ काही देत नाही. दोन उभ्या आणि दोन आडव्या केल्या की स्लॅबपलीकडे फरक कळतो. लोखंडी कपाटाच्या मागून राउटर काढून पाच-साडेपाच फुटांवर टांगणं हे मात्र कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त कामाचं.

मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जाड दगडी भिंतींच्या वाड्यांना यातलं काहीच पुरणार नाही. तिथं एकाच रेडिओचा रिपीटर घेतलात तर वेग निम्म्यावर येतो. जुना राउटर ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून नेट घेऊन वाय-फाय देणारा, करा: आयपी १९२.१६८.१.२ सारखा वेगळा, डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी वाटणं) बंद, केबल लॅन टू लॅन, नाव-पासवर्ड तेच, चॅनेल वेगळा. केबल शुद्ध तांब्याची कॅट ६ मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण वळणावर तुटते.

वाय-फाय ६ ची ओएफडीएमए ही खुबी, म्हणजे एका खेपेत अनेकांना वाटा, २० मेगाहर्ट्झमध्ये नऊ जणांपर्यंत, घरातले बहुतेक फोन जुने असतील तर उपयोगाची नाही.

एक तक्रार उरते. पाचव्या महिन्यात ५ गिगाहर्ट्झ तासातासाला गायब व्हायला लागलं. सर्व्हिस सेंटरनं फर्मवेअर टाकून परत दिला, दोष जसाच्या तसा. मल्टिमीटर लावल्यावर अॅडॅप्टर भारावर १२ ऐवजी १०.७ व्होल्ट देत होता. वॉरंटीत बदलून मागितला तर ‘खोक्यासकट आणा’. १२ व्होल्ट २ अँपिअरचा, मूळच्याच मापाच्या पिनचा अॅडॅप्टर बाजारातून आणल्यावर एकदाही बंद पडलेला नाही. पिनवर पोलॅरिटी आतला प्लस आहे ना, ते घालण्याआधी बघा. राउटरला चार, सोबतच्या अॅडॅप्टरला एक.