छप्पन्नाव्या वर्षी व्हीआरएस: घ्यावी की उरलेली दोन वर्षं काढावीत?

कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत नोटीस बोर्डावर व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजनेचा कागद लागला, की त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबे उशिरा उघडतात. जो तो मोबाइलवर गुणाकार करत बसलेला असतो. मी एका फाउंड्रीच्या पगार विभागात नोकरी केली आणि दोन वेळा ही योजना टेबलावरून जाताना पाहिली. दोन्ही वेळा पहिला माणूस तीच चूक घेऊन आला. ‘वर्षाला ४५ दिवसांचा पगार, माझी तीस वर्षं झाली, म्हणजे चौदा लाख ना?’

नाहीत. त्याने खालची ओळ वाचलेली नसते. बहुतेक योजनांत दोन हिशेब दिलेले असतात, एक झालेल्या नोकरीचा आणि दुसरा निवृत्तीपर्यंत उरलेल्या महिन्यांच्या पगाराचा. पुढे लिहिलेलं असतं, ‘यांपैकी जी रक्कम कमी असेल ती.’ चाळिशीतल्या माणसाला या ओळीचा फारसा त्रास नाही. छप्पन्नाव्या वर्षी सगळा खेळ याच ओळीवर असतो.

एक उदाहरण घेऊ. वय ५६, निवृत्ती ५८ ला, नोकरी ३० वर्षं. बेसिक आणि डीए मिळून ३२,००० रुपये, घरभाडं वगैरे धरून एकूण पगार ४४,०००. वर्षाला ४५ दिवसांनी होतात १४ लाख ४० हजार. उरलेले २४ महिने गुणिले ३२,००० केले की ७ लाख ६८ हजार. हातात पडणार ते ७ लाख ६८ हजार. योजनेत ‘पगार’ म्हणजे बेसिक-डीए एवढंच, हेही पुष्कळांना सही केल्यावर कळतं.

आता राहिलात तर काय? २४ महिन्यांचा पगार १० लाख ५६ हजार. कंपनीचा पीएफचा वाटा महिन्याला ३,८४०, म्हणजे दोन वर्षांत ९२ हजारांवर. ग्रॅच्युइटीत दोन वर्षांची भर पडते, शेवटच्या बेसिक-डीएच्या १५/२६ या हिशेबाने सुमारे ३७ हजार. बेरीज ११ लाख ८५ हजार. तुमच्या पगारातून कापला जाणारा पीएफ इथे वेगळा धरायचा नाही, ते तुमचेच पैसे आहेत. आधीची ग्रॅच्युइटी, ३० वर्षांची साडेपाच लाख, दोन्हीकडे मिळतेच, तीही बाजूला ठेवा.

फरक राहिला ४ लाख १७ हजारांचा. त्याला २४ ने भागलं की महिन्याला साधारण १७,४०० रुपये येतात. मी लोकांसमोर हाच आकडा ठेवायचो: घरी बसलात तर दर महिन्याला एवढं सोडताय, ते कुठून भरून काढणार?

ज्याची तासगावकडे द्राक्षबाग आहे आणि ऑक्टोबर छाटणीला दरवर्षी बिनपगारी रजा टाकावी लागते, त्याला हा आकडा जड नाही. मुलाचं गॅरेज चालतंय आणि तिथे गल्ल्यावर भरवशाचा माणूस हवाय, त्यालाही नाही. पण ‘बघू काहीतरी’ म्हणणाऱ्याने सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी पाहिलेले बहुतेक ‘बघू’वाले ठेकेदाराकडून सिक्युरिटीच्या गणवेशात त्याच गेटवर उभे राहिले. ही वाट धरण्याआधी अटी वाचा. व्हीआरएसच्या रकमेवर करमाफी हवी असेल तर त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत नोकरी धरता येत नाही.

वेतन करार तोंडावर असेल तर राहण्याचं पारडं आणखी जड होतं. करारात बेसिक ३,००० ने वाढलं तर ग्रॅच्युइटी नव्या बेसिकवर आणि सगळ्या ३२ वर्षांसाठी मोजतात. तेवढ्यानेच ५५ हजार वाढतात. करार होणार, हे व्यवस्थापनाला तुमच्या आधी माहीत असतं. व्हीआरएस नेमकी त्याच्या आधी का निघते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

एवढं सगळं मांडूनही मी दोन प्रकारच्या लोकांना ‘घ्या’ म्हणून सांगितलं.

पहिला, ज्याचं शरीर थकलंय. आमच्याकडे फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायच्या कामाला, एक जण होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. वर्षानुवर्षं ग्राइंडर धरून त्यांच्या हातांना असा कंप सुटला होता, की चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावायचे, आणि तरीही बशीत सांडायचा. ते माझ्याकडे कागद घेऊन आले तेव्हा मी कॅल्क्युलेटर काढलाच नाही.

दुसरा, ज्याची कंपनीच डुगडुगतेय. पीएफ वेळेवर भरला जातोय का, हे पासबुकात बघा. पगाराची तारीख सातवरून पंधरावर गेलीय का, पुरवठादार गेटवर बसलेले दिसतात का, तेही बघा. कारखाना बंद पडला तर कायद्याने मिळते ती भरपाई दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, म्हणजे तीस वर्षांना सुमारे १५ महिने. व्हीआरएसमध्ये २४ महिने मिळतायत. शिवाय बंद पडलेल्या कंपनीकडून पैसे निघेपर्यंत माणूस थकतो. शेजारच्या साताऱ्यात प्रिया स्कूटर बनायची. मोठ्या नावाचं उत्पादनही थांबू शकतं, हे आपल्या भागाला नवं नाही.

शेजारचा बीएसएनएलवाला काय म्हणतो, ते मात्र ऐकू नका. ३१ जानेवारी २०२० ला तिथून ७८ हजारांहून जास्त लोक व्हीआरएस घेऊन एकदम बाहेर पडले, पण त्यांच्यातल्या बहुतेकांच्या पाठीशी सरकारी धर्तीचं पेन्शन होतं. आपलं ईपीएसचं, म्हणजे पीएफसोबतचं पेन्शन १५,००० च्या मर्यादेवर मोजतात. दोन वर्षं जास्त केल्याने ते महिन्याला ४२९ रुपयांनी वाढतं, तेवढ्यासाठी कोणी थांबू नये. पण व्हीआरएस घेतलीत म्हणून ५६ लाच पेन्शनचा अर्जही भरू नका. ५८ च्या आधी घेतलं तर दर वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती जन्मभर राहते.

मेडिक्लेमचा विषय लोक शेवटी काढतात, खरं तर तो घरी आधी निघायला हवा. कंपनीची ग्रुप पॉलिसी सुटण्याच्या दिवशी संपते. नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या साखर-बीपीसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि काढलेला काळ धरला जातो, पण त्याचा अर्ज नोकरीत असतानाच करायचा. मिरजेत एकदा अँजिओप्लास्टी झाली की व्हीआरएसच्या रकमेला केवढं भगदाड पडतं, ते सांगायला नको.

करापायी मात्र झोप घालवू नका. भरपाईतले ५ लाख करमुक्त आहेत, आयुष्यात एकदाच. वरच्या उदाहरणातल्या माणसाला उरलेले २ लाख ६८ हजार पगारात धरूनही नव्या करपद्धतीत कर बसत नाही. बारा लाखांच्या आसपास पगार असलेल्यांनी मार्चऐवजी एप्रिलमध्ये सुटावं, म्हणजे ती रक्कम कमी उत्पन्नाच्या वर्षात पडते.

पैसे आले की पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना. साठ वर्षं पूर्ण नसली तरी निवृत्तीची रक्कम म्हणून ५५ नंतर खातं उघडता येतं, मात्र पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत. व्हीआरएस आणि ग्रॅच्युइटी मिळून झालेल्या १३ लाखांवर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला २६,६५० रुपये येतात, म्हणजे महिन्याला नऊ हजारही नाहीत. त्यात सांगलीत घर चालतं का, हे घरात ज्याच्या हातात खर्च आहे त्याला विचारा.

माझं विचाराल तर मी राहिलो. एकोणीस महिने उरले होते, हिशेबाने राहणंच बरोबर होतं. व्यवस्थापनाने मला पगार विभागातून उचलून भंगार यार्डात वजनकाट्यावर बसवलं. पत्र्याची शेड, पंखा नाही, आणि ज्यांचे पगार मी काढले ती पोरं ट्रॉली ओढत येऊन नजर चुकवायची. महिना सतरा हजारांत मी हे धरलं नव्हतं. तुम्ही धरा.

आणि अर्ज द्यायचाच ठरला तर सोसायटीच्या कर्जाची बाकी आधी लिहून घ्या, ती हिशेबातून सरळ वळती होते. अर्ज मागे घ्यायची शेवटची तारीख विचारा, आणि पोचपावतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय टाइम ऑफिसमधून हलू नका.