सित्रोएन आमी: गावापुरती गाडी, आणि गावापुरतीच

सित्रोएन आमी या छोट्या, विजेवर चालणाऱ्या गाडीबद्दल मत बनवण्याआधी ४२५ हा आकडा ध्यानात ठेवावा. युरोपीय नियमांनुसार हलक्या क्वाड्रिसायकलचं (मोटारीहून हलकी आणि हळू चारचाकी), म्हणजे एल-सिक्स-ई वर्गातल्या गाडीचं वजन बॅटरी वगळून ४२५ किलोंच्या आत असावं लागतं. सीट दोनच, वेग ताशी ४५ किलोमीटर, आणि बंद केबिनच्या गाडीला मोटार जास्तीत जास्त ६ किलोवॉटची. आमीत जे जे खटकतं, ते बहुतेक या चौकटीत बसण्यासाठी गाळलेलं आहे. हे एकदा लक्षात आलं, की ही गाडी आपल्या कामाची आहे की नाही ते लवकर ठरतं.

आधी परवान्याचं बघू. फ्रान्समध्ये ही गाडी विनापरवाना म्हणून विकली जाते, पण पूर्ण सूट फक्त १ जानेवारी १९८८ च्या आधी जन्मलेल्यांना आहे. त्यानंतर जन्मलेल्यांना एएम वर्गाचा परवाना लागतो. तो १४ व्या वर्षापासून मिळतो आणि त्यासाठी आठ तासांचं प्रशिक्षण पुरतं. मोटारीचा बी परवाना असेल तर वेगळं काही लागत नाही. नोकरीसाठी तिकडे गेलेल्या आपल्या लोकांना हे विशेष उपयोगी आहे. भारतीय परवाना तिथे रहिवासी झाल्यापासून एकच वर्ष चालतो आणि फ्रेंच परवान्यात बदलून मिळत नाही. बी परवान्याची लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा पार पडेपर्यंत महिने जातात. तेवढ्या काळात एएम काढून कामावर जाता येतं. हीच गाडी ओपेल रॉक्स नावाने जर्मनीत मिळते, तिथे वयाची अट १५ आहे. विमा मात्र सगळीकडे सक्तीचा. मोटरवे, द्रुतगती रस्ते आणि पॅरिसभोवतीचा पेरिफेरिक हा वर्तुळाकार रस्ता या गाडीला बंद आहेत. त्यामुळे खरेदीआधी घर ते ऑफिस हा रस्ता नकाशावर द्रुतगती मार्ग टाळून एकदा काढून बघाच. पुष्कळांचं गणित इथेच फिसकटतं.

लांबी २.४१ मीटर, रुंदी १.३९, उंची १.५२. वळणाचा व्यास ७.२ मीटर, त्यामुळे साडेसात मीटर रुंदीच्या रस्त्यावरही एका दमात गाडी उलट फिरते. पुढचा आणि मागचा बंपर एकाच साच्याचा, डावं-उजवं दारही एकाच साच्याचं. परिणाम असा की चालकाच्या दाराच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला येतात आणि प्रवाशाच्या दाराच्या पुढे. सुटे भाग कमी, म्हणून किंमत कमी. २०२० मध्ये सरकारी बोनस वजा करून गाडी ६,००० युरोंना मिळत होती. पॅनेल रंगवलेली नाहीत, प्लास्टिकच मुळात रंगीत आहे. पार्किंगमध्ये घासली तरी रंग उडत नाही, आणि शहरातल्या गाडीला हा मोठा फायदा आहे. मागून उघडणाऱ्या दाराचा एक धोका सांगितला पाहिजे: ते नीट लागलं नसेल आणि चालत्या गाडीत उघडलं, तर वारा ते आणखी फाकवतो. निघताना दार आतून एकदा ढकलून बघायची सवय लावावी.

आतून दार उघडायला कापडी पट्टे आहेत. चालकाची सीट सरकते, प्रवाशाची जागेवर पक्की आहे आणि जरा मागे आहे, त्यामुळे खांद्याला खांदा लागत नाही. सामानाची जागा प्रवाशाच्या पायाशी: केबिनच्या मापाची बॅग किंवा आठवड्याचा बाजार मावतो. डिकी नाही. रेडिओ नाही, मोबाईल अडकवायला जागा आणि यूएसबी सॉकेट आहे. खिडकीचा खालचा अर्धा भाग वर दुमडून अडकवायचा असतो. पार्किंगच्या मशीनमधून तिकीट घेताना हात अवघडतो, म्हणून मशीनच्या अगदी लगत थांबावं.

चालवायला सोपी आहे. सीटच्या डाव्या बाजूला डी, एन, आर अशी तीन बटणं, की झालं. थांब्यावरून ४५ पर्यंत यायला दहाएक सेकंद लागतात. गावातल्या सिग्नलला तेवढं पुरतं. चढावर मात्र ६ किलोवॉटची मर्यादा लगेच जाणवते. गाडी बॅटरीसकट ४८५ किलोंची, त्यात दोन मोठी माणसं म्हणजे एकूण ६३५ धरा. १० टक्के चढावर नुसत्या उताराविरुद्ध ६२० न्यूटनच्या आसपास जोर लागतो, टायरचं घर्षण वेगळं. ६ किलोवॉटमधले पाचेक चाकांपर्यंत पोचतात असं धरलं, तर वेग २५ च्या घरात येतो. लिऑनचा क्रोआ-रुस चढ रोज चढायचा असेल तर मागे लागणाऱ्या रांगेची तयारी ठेवावी. ग्रेनोबलसारख्या सपाट शहरात हा प्रश्नच येत नाही. अरुंद आणि उंच असल्यामुळे उतारावरच्या तीव्र वळणावर मात्र वेग आधीच कमी करावा. मोनॅकोतल्या प्रसिद्ध हेअरपिन वळणावर एक आमी उलटली, त्याचा व्हिडिओ २०२२ मध्ये खूप फिरला होता.

बॅटरी ५.५ किलोवॉट-तासाची आणि घोषित पल्ला ७५ किलोमीटर. आपण ५० धरून चालावं, कडक थंडीत ४० च. घरगुती सॉकेटवर तीन तासांत पूर्ण चार्ज होते, म्हणजे साधारण ८ अँपिअर. वेगळी वायरिंग लागत नाही. पण एक्स्टेन्शन वापरायचं तर जाड वायरचं घ्या आणि पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळलेल्या वायरमध्ये तीन तास ८ अँपिअर गेले की ती तापते. सार्वजनिक चार्जरसाठी टाइप-टू अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो.

खरी अडचण यापुढची आहे. बॅटरी काढून वर नेता येत नाही आणि गाडीतली केबल जेमतेम तीन मीटर. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याकडे तळघरात सॉकेट नसेल तर ही गाडी घेऊ नये. फ्रेंच कायद्यात चार्जिंगसाठी सॉकेट बसवून मागण्याचा हक्क भाडेकरूलाही आहे, पण त्याची लेखी प्रक्रिया आहे आणि ती वेळ खाते. आधी सॉकेट, मग बुकिंग.

पावसाळी थंडीत सगळ्यात जास्त त्रास काचेवरच्या वाफेचा होतो. हीटरचा पंखा आवाज फार करतो आणि उष्णता बेताची देतो. दोन माणसं ओल्या कोटांनिशी बसली की पाच मिनिटांत काच धुरकट होते. खिडकी अधूनमधून उघडावी, ओले कपडे पायाशी ठेवू नयेत, आणि काच आतून महिन्यातून एकदा स्वच्छ धुवावी. तेलकट काचेवर वाफ लवकर धरते. उन्हाळ्यात उलट हाल: छत काचेचं आणि एसी नाही.

गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीकडे लक्ष द्या. ती उतरली तर मोठी बॅटरी जोडणारा कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) बसत नाही, आणि मोठीत भरपूर चार्ज असूनही गाडी मेल्यासारखी पडून राहते. सुट्टीला गावी जाताना तिला छोटा मेंटेनन्स चार्जर लावून ठेवावा.

सुरक्षेबाबत स्पष्ट बोललं पाहिजे. तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आहे. एअरबॅग नाही, एबीएस नाही. नियम ते मागतच नाही. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०१६ मध्ये चार क्वाड्रिसायकलींची चाचणी घेतली, तेव्हा एकीलाही दोनाहून जास्त तारे मिळाले नाहीत. त्यात आपली बजाज क्यूटही होती. तिला एकच तारा मिळाला. स्कूटरशी तुलना केली तर आमी निश्चितच बरी: पाऊस लागत नाही, तोल जात नाही, अंगाभोवती पिंजरा आहे. छोट्या हॅचबॅकशी तुलना केली तर नाही. १४ वर्षांच्या मुलाला देताना ही गोष्ट त्याच्या आईवडिलांनी नीट समजून घ्यावी. आणि वेगाचा लिमिटर काढून देणाऱ्यांच्या वाटेला मुळीच जाऊ नये. गाडी बेकायदा ठरते आणि अपघातात विमा हात वर करतो.

वाळूजला बनणारी ही क्यूट भारतात विनापरवाना नाही, हेही इथेच सांगतो. २१६.६ सीसी इंजिन, ताशी ७० वेग, चार माणसांची जागा. वर्ग क्वाड्रिसायकलचाच, पण वजनदार गटातला, आणि चालवायला परवाना लागतोच.

सॉकेटची सोय नसेल तर जुनी डिझेल मायक्रोकार हा पर्याय उरतो. एक्साम या फ्रेंच कंपनीच्या बऱ्याच गाड्यांत कुबोटाचं ४७९ सीसी, दोन सिलिंडरचं झेड-४८२ इंजिन असतं. त्यात टायमिंग (झडपा वेळेवर उघडण्याची यंत्रणा) गिअरवर चालतं, बेल्ट नाही, म्हणून ते दीर्घकाळ टिकतं. लिजिए आणि मायक्रोकार या कंपन्यांच्या काही जुन्या गाड्यांत लोम्बार्डिनीचं ५०५ सीसी इंजिन आहे. त्याला टायमिंग बेल्ट आहे, आणि तो बदलल्याचं बिल दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ताकद चाकांना जाते ती ॲक्टिव्हासारख्याच व्हेरिएटर आणि रबरी बेल्टमधून. बेल्ट झिजला की आधी कमाल वेग घटतो, मग उठताना हिसके बसतात. पुली चिकटत असेल किंवा आयडल (उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग) जास्त ठेवलं असेल तर ब्रेक सोडताच गाडी आपोआप पुढे सरकते. रिव्हर्स टाकताना करकर आवाज आला तर आधी हेच तपासावं, कारण बेल्ट फिरत असताना गिअर टाकल्यानेच गिअरचे दात खराब होतात. थंड इंजिन सुरू करून, दोन माणसं बसवून, चढावर चालवून बघावी. सपाट रस्त्यावर एकट्याने मारलेल्या फेरीत यातलं काही कळत नाही.

जुनी आमी बघत असाल तर वाकून खाली बघा: गतिरोधकावर घासून बॅटरीच्या खोक्यावर ओरखडे किंवा पोचा आहे का. चार्जिंगच्या प्लगच्या पिना तपकिरी पडल्या असतील तर तो सैल सॉकेटवर तापलेला आहे. पुढच्या टायरची आतली कड हाताने चाचपा. तिथे झीज जास्त असेल तर फुटपाथला धडकून अलाइनमेंट गेलेलं असतं. आणि एप्रिल २०२४ पासून फ्रान्समध्ये या वर्गालाही तांत्रिक तपासणी लागू झाली आहे: पहिली पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत, नंतर दर तीन वर्षांनी. २०२० आणि २०२१ च्या गाड्यांच्या पहिल्या तपासणीसाठी मात्र २०२६ साल ठरलेलं आहे; ती झाली असेल तर तिचा कागद मालकाकडून मागून घ्या, आणि त्यातले शेरे वाचूनच भावाचं बोला.